चढ लहान होत नाही

भोर घाटातल्या रेल्वेचं मॉडेल करायचं म्हटलं की पहिला हिशेब लांबीचा करावा लागतो. छंद म्हणून मॉडेल रेल्वे करणारे जगभर सर्वांत जास्त वापरतात ते ‘एचओ’ प्रमाण, म्हणजे मूळ वस्तूचा ८७वा हिस्सा. १८६३ साली उघडलेला मूळ घाटमार्ग पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत जवळजवळ १६ मैल, म्हणजे साडेपंचवीस किलोमीटर होता. त्याला ८७नं भागलं की २९३ मीटर उरतात. एवढ्या अंतरात मार्ग १८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर चढतो; मॉडेलमध्ये ते ६ मीटर ४० सेंटिमीटर होतात. दोन मजले उंचीचा आणि जवळजवळ दीड फर्लांग लांब घाट कोणत्याही घरात मावणार नाही. तेव्हा मॉडेल करणाऱ्याला पहिल्याच दिवशी कात्री हाती घ्यावी लागते.

याच हिशेबात एक आकडा मात्र असा आहे की त्याला भागाकार लागत नाही. घाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. मॉडेलमध्येही तो ३७ला १च राहतो. चढ म्हणजे दोन लांब्यांमधलं नातं. दोन्ही लांब्या सारख्याच आक्रसल्या तरी नातं जसंच्या तसं उरतं. मला मॉडेलकलेचा सगळा रस इथं दिसतो. काय लहान होतं, काय होत नाही, आणि जे होत नाही त्याच्याशी कर्ता कसा वागला, हे पाहत गेलं की खेळण्यातली गाडी आणि जाणत्या हातानं घडवलेलं मॉडेल यांच्यातला फरक आपोआप कळू लागतो. कारागिरीची सफाई त्यानंतर पाहावी.

आधी मूळ रचना नीट वाचू. हा घाट जेम्स बर्कले या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य अभियंत्याचा. १८५६च्या जानेवारीत काम सुरू झालं. फेव्हिएल हा पहिला कंत्राटदार. मजुरीवरून १८५९च्या जानेवारीत मजुरांचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी त्यानं कंत्राट सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि इथं पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेलनं, कंत्राट स्वतःकडे ठेवलं आणि ॲडमसन व क्लाउझर या अभियंत्यांच्या हातून काम पुरं करून घेतलं. खंडाळ्याहून पुण्याकडे गाडी १८५८ सालीच धावू लागली होती. मधला घाट मात्र अजून पालखीत बसून किंवा तट्टावरून ओलांडावा लागत होता. २१ एप्रिल १८६३ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग उघडला. बर्कले तो दिवस पाहायला उरला नव्हता. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्याचा अंत झाला होता.

या रचनेतली सर्वांत सुंदर ओळ म्हणजे खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन. घाटाच्या माथ्याशी डोंगराचा सोंडेसारखा सुळका पुढे आलेला आहे. त्या सुळक्यावर चढत आलेली गाडी थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि आतापर्यंत मागे असलेला डबा पुढे होऊन गाडी वरच्या मार्गानं चढू लागायची. गाडीची दिशा उलटवणारं हे वळण डोंगरानं दिलेल्या अपुऱ्या जागेत लांबी मिळवण्यासाठी होतं. चढाला वेळ देता आला म्हणून तो इंजिनाच्या आवाक्यात राहिला. १९२९ साली नव्या बोगद्यांतून सरळ मार्ग झाला आणि हे स्टेशन बंद पडलं. त्याची जागा जुन्या अमृतांजन पुलापाशी होती. १८३० सालचा तो पूल २०२०च्या एप्रिलमध्ये पाडला, आणि खुणेची एक गोष्ट गेली.

मॉडेल करणाऱ्याला या स्टेशनाची किंमत वेगळी कळते. घरातली जागा ही नेहमीच अपुरी असते. वीस फुटी भिंतीवर ३७ला १ चढ सांभाळून रूळ नेला तर भिंत संपेपर्यंत तो जेमतेम साडेसहा इंच उंची मिळवतो. बर्कलेसारखंच उलट फिरून पुन्हा तेवढंच अंतर चढलं की तेरा इंच मिळतात. बर्कलेला सह्याद्रीनं घातलेली अडचण छंदिष्टाला घराची भिंत घालते आणि उत्तरही तेच निघतं. म्हणून भोर घाटाच्या मॉडेलमध्ये रिव्हर्सिंग स्टेशन असलं तर ती केवळ इतिहासाची आठवण ठरत नाही. मूळ अभियंत्याची विचार करण्याची पद्धत कर्त्यानं पुन्हा एकदा जगून पाहिलेली असते.

दुसरी गोष्ट बँकर इंजिनांची. कर्जतला गाडी थांबते, मागे इंजिनं लागतात, आणि ती गाडीला ढकलत लोणावळ्यापर्यंत आणून सोडतात. फलाटावरच्या वडापावाइतकाच हा सोहळा मुंबई-पुण्याच्या प्रवाशांच्या अंगवळणी पडलेला आहे. मॉडेलमध्ये गाडी इतकी हलकी असताना बँकरची गरज काय, असं कुणालाही वाटेल. गरज खरोखरच असते. चढावर गाडीला मागे ओढणारं बळ म्हणजे गाडीच्या वजनाचा ३७वा भाग. इंजिनाची पकड म्हणजे त्याच्या चाकांवरच्या वजनाचा ठरावीक भाग. वजनं कितीही घटली तरी दोघांतलं नातं तसंच राहतं. घाटात एका इंजिनाला जड जाणारी गाडी, सगळी वजनं त्याच हिशेबानं घटवली, तर मॉडेलमध्येही एकट्या इंजिनाला जडच जाते. चाकं जागच्या जागी फिरू लागतात. वळणाचा अडथळा त्यात भर घालतो, कारण वळणांच्या बाबतीत सगळ्यांनाच तडजोड करावी लागते. मूळ घाटातल्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १५ साखळ्या, म्हणजे सुमारे ३०० मीटर होती. प्रमाणात ती साडेतीन मीटर येते. घरच्या मांडणीत अर्ध्या मीटरवर समाधान मानावं लागतं.

म्हणून मागे बँकर लावलेली मॉडेलगाडी पाहताना मी तिच्या मधल्या डब्यांकडे पाहतो. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचित जोरात चाललं तर वळणावर मधली हलकी वाघीण चिमटून रुळाबाहेर फेकली जाते; हळू चाललं तर ते स्वतःच ओझं होतं. दोन इंजिनांचे वेग जुळवायला कर्त्यानं किती संध्याकाळी घालवल्या असतील, ते मधल्या डब्यांच्या शांतपणावरून समजतं. आज प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल यंत्रणा आहे, तरी जुळवणी हातानंच करावी लागते. मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३पासून बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या मोटारी गाडीभर विखुरलेल्या आहेत आणि पकड देणारी चाकं अनेक आहेत. मॉडेलमध्येही मोटार एका डब्यात न ठेवता दोन-तीन डब्यांत वाटली की तोच चढ सोपा होतो. इतका प्रामाणिक असतो हा चढ.

तिसरी गोष्ट इंजिनाची. भोर घाटाच्या मॉडेलचा नायक कोण, असं विचारलं तर माझं उत्तर एकच: डब्ल्यूसीजी-१, आपल्याकडच्या रेल्वेवाल्यांचा ‘खेकडा’. १९२८पासून आलेली ही ४१ विजेची इंजिनं. आराखडा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरचा. काही तिथं आणि बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत घडली. आल्प्समधल्या गोट्टहार्ड घाटासाठी केलेल्या ‘मगर’ इंजिनांच्या ती नात्यातली. मध्ये चालकाची खोली, दोन्हीकडे पुढे आलेली लांब नाकं, आणि नाकांखाली तीन-तीन चाकांचे जोड. मोटारींची शक्ती चाकांना दांड्यांमधून मिळते, वाफेच्या इंजिनासारखीच. यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं ४५०२ क्रमांकाचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतं.

मॉडेल करणाऱ्यांना मगर जातीच्या इंजिनांचं जगभर वेड आहे. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीची स्विस मगर गेली कित्येक दशकं या छंदातला मानाचा तुरा समजली जाते. या वेडाला कारण आहे. तीन भागांत दुमडणारं धड घाटातल्या वळणांसाठी केलं होतं. तेच मॉडेलच्या अतितीव्र वळणावरही सहज वळतं. आणि बहुतेक विजेच्या इंजिनांचं काम आत झाकलेलं असताना इथं ते बाहेर उघड्यावर चालतं. दांड्या वरखाली होतात, प्रत्येक फेऱ्यात त्यांचा कोन बदलतो, आणि चाक किती सावकाश फिरतंय ते डोळ्यांना मोजता येतं.

खेकडा मूळचा २० मीटर लांब आणि सुमारे १२५ टन वजनाचा. मॉडेलमध्ये लांबी २३ सेंटिमीटर होते. वजन मात्र ८७नं तीनदा भागावं लागतं आणि १९० ग्रॅम उरतं. एवढ्या हलक्या इंजिनाला धूळ बसलेल्या रुळावर वीजही नीट मिळत नाही. म्हणून चांगला कर्ता नाकांच्या पोकळीत शिसं भरतो आणि वजन दुपटीवर नेतो. इथं त्यानं प्रमाण जाणूनबुजून मोडलं आणि त्यामुळेच चाल खरी वाटली. रुंदीचं दुखणं याहून अवघड. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. एचओत ते सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवं. बाजारात मिळतो तो रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, युरोपातल्या गेजसाठी केलेला. त्यावर आपला रुंद डबा उभा केला की तो पाय जवळ घेतल्यासारखा दिसतो. काहीजण हे चालवून घेतात, काहीजण एकेक स्लीपर मांडून स्वतःचा रूळ घालतात. स्वतः घातलेला रूळ दिसला की तिथं थांबावं. त्या कर्त्यानं वर्षं दिलेली असतात.

वेळेचं काय? तीही लहान होत नाही. घाटात ताशी ३० किलोमीटरनं चढणारी गाडी प्रमाणात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर सरकली पाहिजे. त्या वेगानं २९३ मीटर चढायला पन्नास मिनिटं लागतात, मूळ घाटात लागतील तेवढीच. जत्रेतली गाडी आणि मॉडेल यांच्यातला पहिला फरक या सावकाशीत असतो. स्वस्त मोटार हळू चालवली की गचके देते. न अडखळता रांगणारं इंजिन म्हणजे उत्तम दंतचक्रं, स्वच्छ रूळ आणि संयमी हात.

पुण्यात कोथरूडला ग. आ. कुलकर्णी पथावर जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी छंद म्हणून आरंभलेलं हे काम १ एप्रिल १९९८ला लोकांसाठी खुलं झालं. मांडणी एचओ प्रमाणातली. शहर, डोंगर, उड्डाणपूल, डझनावारी सिग्नल, आणि त्यातून एकाच वेळी फिरणाऱ्या वेगवेगळ्या जातींच्या गाड्या. हे नगर कल्पनेतलं आहे, मावळातलं नाही. पण मावळाचं मॉडेल करू पाहणाऱ्यानं इथं येऊन प्रकाश शिकावा. खेळ चालू असताना खोलीतला उजेड मंदावतो, खिडक्यांमध्ये आणि खांबांवर दिवे लागतात आणि नगरावर रात्र येते. गाड्या आपल्या गतीनं चालल्या आहेत, दिवस मात्र काही मिनिटांत मावळला. दोन वेगळे काळ एकाच टेबलावर चालतात आणि पाहणाऱ्याला विसंगती जाणवत नाही, कारण अंधार झाल्यावर डोळे सिग्नलचे रंग धरून गाडी शोधू लागतात. गाडीचा वेग खरा ठेवायचा आणि दिवस आटवायचा, हा निर्णय कलावंताचा आहे. एका घरानं हौसेनं हे उभं केलं, लोकांसाठी उघडलं आणि टिकवलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

या छंदाचा पसारा फार जुना. लंडनमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शलनं ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक काढलं आणि १९०७पासून त्याची प्रदर्शनं भरू लागली. स्टुअर्ट टर्नरसारख्या कंपन्या छोट्या वाफेच्या इंजिनांचे कच्चे ओतीव भाग विकायच्या. घरच्या लेथवर ते कातून, भोकं पाडून, कानस मारून इंजिन उभं करायचं काम गिऱ्हाइकाचं. १९२४च्या प्रदर्शनात एक मोठा वाद निकाली निघाला. छोट्या इंजिनात कोळशाची भट्टी खरं काम करू शकत नाही, असं मानणारे बरेच होते. ‘एलबीएससी’ या नावानं लिहिणाऱ्या लॉरेन्सचं अडीच इंच गेजचं ‘आयेशा’ माणसांना ओढून चाललं. त्यासाठी त्यानं मोठ्या बॉयलरची नुसती लहान प्रत केली नव्हती. नळ्यांची संख्या आणि जाडी नव्यानं ठरवली होती. पाणी आणि आग लहान होत नाहीत, त्यांच्यासाठी यंत्रच वेगळं विचारावं लागतं, हा धडा तिथं पक्का झाला.

आपल्याकडे असे संच सहज मिळत नाहीत, पण पुण्याच्या पेठांमध्ये या छंदाला लागणारं बरंच काही आहे. रविवार पेठेतली बोहरी आळी स्क्रू, ड्रिल, तारा आणि पत्रे देते. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात डोळस माणसाला चांगली कानस, पक्कड किंवा मापयंत्र सापडतं. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याला आकार आणि डाग देण्याचं ज्ञान पिढ्यांनी जपलेलं आहे; छोट्या बॉयलरची भाषा तिथं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मुंबईला नागदेवी आणि लोहार चाळ, विजेच्या सुट्या भागांना लॅमिंग्टन रोड. परदेशी दुकानं माणसं पुरवतात ती कोट-हॅट घातलेली. दोन सेंटिमीटरच्या त्या माणसाला फेटा, धोतर, नऊवारी नेसवायची तर बारीक कुंचला आणि भिंग घेऊन बसावं लागतं.

डोंगराचंही तसंच. परदेशी संचांमधले खडक फिकट असतात. भोर घाटाचा कातळ काळा, आडव्या थरांचा, टप्प्याटप्प्यानं चढणारा. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबूस पट्टी. जाळीवर कागद आणि प्लास्टर लिंपून कडा कोरताना हे आडवेपण हरवलं तर सह्याद्री हरवला. मग महिना ठरवावा लागतो. एप्रिलचा घाट पिवळा-करडा, जुलैचा हिरवा आणि धुक्यातला, सप्टेंबरअखेरीला सोनकीनं पिवळा. बारमाही हिरवं गवत सह्याद्रीत कुठंच नाही. आणि धबधब्यासाठी खरं पाणी वापरू नये. थेंब लहान होत नाही. इंचभर रुंद ओढ्यात तो दगडाएवढा दिसतो. पारदर्शक रेझिननं थिजवलेलं पाणी जास्त खरं वाटतं.

लहान रूप घडवण्याची दृष्टी मावळात मुळीच नवी नाही. घाट चढून गाडी मळवलीला आली की एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेण्यांच्या दर्शनी भिंतींवर चैत्यकमानींच्या आणि वेदिकांच्या लहान प्रतिकृतींच्या रांगाच रांगा कोरलेल्या आहेत. मोठ्या कमानीची वळणरेषा वीतभर कमानीतही बिघडलेली नाही. लाकडी बांधकामातले बारकावे दगडात उतरवताना त्या कारागिरांनी काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवलेलंच होतं.

आणि दिवाळीतला किल्ला. लोहगड किंवा तिकोना करणारी मुलं दगड-मातीचा डोंगर रचतात, हळीव पेरतात, कुंभाराकडून मावळे आणतात. त्यात महाराज सिंहासनासकट दरवाजाहून उंच असतात. कुठलाही रसिक यात चूक काढत नाही. गडाचा चढ, लोहगडाच्या विंचूकाट्याची सोंड, बुरुजांची जागा नीट साधलेली असते. मूर्तीचं मोठेपण मापाचं नाही, मानाचं असतं. प्रमाण कुठं पाळायचं आणि कुठं मोडायचं, याचं शिक्षण मराठी मुलाला अंगणातच मिळतं.

ही सगळी दृष्टी घेऊन भोर घाटाचं एक मोठं, सार्वजनिक मॉडेल लोणावळ्यात व्हावं, असं मला फार वाटतं. त्यात चढ ३७ला १ असावा आणि बँकर दिखाव्याला नको, कामाला असावेत. खेकडा असावा. आणि माणसं असावीत. घाटाचं काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीनं, सुरुंगानं, कड्यावरून पडून त्यांतले किती तरी गेले. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत. मॉडेलमध्ये त्यांना कड्यावर, दोरीवर, पहारीसह जागा द्यावी. आजही पावसाळ्याआधी रेल्वेच्या हिल गँगची माणसं कड्यांवरचे सुटे धोंडे शोधून पाडतात, पावसात रुळावरून गस्त घालतात. तीही दिसली पाहिजेत. त्यांच्यावाचून गाडी चढली तर ते मॉडेल खोटं.

असं काम उभं राहिलं तर उद्घाटनाआधी कर्जत, मंकी हिल आणि लोणावळ्याचे निवृत्त चालक, गार्ड, सांधेवाले आणि ट्रॅकमन यांना बोलवावं. सिग्नल चुकीच्या बाजूला आहे, बँकर इथं सुटत नाही, या बोगद्याच्या तोंडाशी पाणी वाहतं, अशा चुका ते पाच मिनिटांत काढतील. त्या सगळ्या लिहून घ्याव्यात आणि दुरुस्त करूनच दार उघडावं.